एका ग्रॅमात दहा गुंठे

थंडी पडली की आमच्या चोपडा तालुक्यात भरताच्या पार्ट्या सुरू होतात. कपाशी निघालेल्या वावरात वाळलेली पराटी, म्हणजे कपाशीची उरलेली झाडं, पेटवायची, तिच्यावर भरताची मोठी हिरवी वांगी टाकायची आणि साल काळी पडून सुटायला लागली की लाकडी बडगीत घालून ठेचायची. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाही, हे खान्देशात कुणाला पटवून द्यावं लागत नाही. गेल्या हिवाळ्यात पंगत उठल्यावर मी विझलेल्या जाळातून कोळसे वेचून डब्यात भरत होतो. नानाकाका बाजूला उभे होते. त्यांनी विचारलं, "ह्या कोयसानं काय करशी रे तू?"

त्यांना तिथल्या तिथे नीट सांगता आलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहितोय. मी रसायनशास्त्र शिकवतो. एम.एस्सी.ला माझा प्रकल्प सच्छिद्र कार्बनवर होता आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही.

"सच्छिद्र" हा शब्द पुस्तकी वाटेल, पण भुसावळच्या मे महिन्यात माठाचं पाणी प्यायलेल्या माणसाला तो ओळखीचाच आहे. माठाच्या भिंतीत बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी झिरपतं, बाहेर येऊन वाळतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. दोन-तीन उन्हाळे झाले की माठ पहिल्यासारखं पाणी गार करत नाही. बाहेरून पांढरे क्षार धरलेले दिसतात. माती तीच असते, फक्त छिद्रं बुजलेली असतात. या माठात अर्धं शास्त्र आलं: छिद्र किती मोठं आहे, ते दुसऱ्या छिद्राला जोडलेलं आहे का, आणि ते किती दिवस उघडं राहतं.

आता शीर्षकातल्या दहा गुंठ्यांकडे येऊ. नांगरटीनंतरचं एखादं मोठं ढेकूळ घ्या. त्याला बाहेरून जेवढी पाठ, तेवढाच त्याचा पृष्ठभाग. फोडून दोन तुकडे केले की आत झाकलेल्या दोन नव्या बाजू उघड्या पडतात. फोडत गेलं की पृष्ठभाग वाढत जातो, माती मात्र तेवढीच राहते. पाणी शुद्ध करायला वापरतात त्या सक्रिय कोळशात, म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनमध्ये, ही फोड आतल्या आत झालेली असते. बाहेरून खडा अखंड दिसतो, पण आत भिंतींमागून भिंती असतात. चांगल्या प्रतीच्या एक ग्रॅम सक्रिय कोळशाचा आतला पृष्ठभाग साधारण एक हजार चौरस मीटर भरतो. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे चिमटीत मावणाऱ्या काळ्या पुडीत जवळजवळ दहा गुंठे जमीन घडी घालून ठेवलेली आहे.

मोजायला तिथे कुणी साखळी घेऊन जात नाही, पण मोजणीची तऱ्हा साखळीसारखीच आहे. कोळसा निर्वात करून उणे १९६ अंशांपर्यंत थंड करतात आणि त्यावर नायट्रोजन वायू सोडतात. त्या थंडीत नायट्रोजनचे रेणू भिंतींवर एकाला एक लागून बसतात. एक रेणू किती जागा अडवतो ते माहीत आहे: ०.१६२ चौरस नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). पहिला थर भरायला किती वायू लागला, त्यावरून क्षेत्रफळ निघतं. दहा गुंठ्यांच्या त्या एका ग्रॅमाला पहिल्या थरासाठी साधारण पाव लिटर नायट्रोजन लागतो. या मोजणीचं गणित ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर या तिघांनी १९३८ साली मांडलं. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही तेच वापरतात.

एवढ्या जागेचा उपयोग काय? तिथे रेणू बसतात. इथे एक घोळ नेहमी होतो. स्पंज पाणी शोषतो तेव्हा पाणी त्याच्या पोकळीत भरतं आणि पिळलं की निघतं. कोळशाचं तसं नाही. पाण्यातले रंगाचे, वासाचे, कीटकनाशकाचे रेणू त्याच्या भिंतींना येऊन चिकटतात. याला अधिशोषण म्हणतात. मला हे पंगतीसारखं वाटतं: पाट मांडलेले आहेत तोवर माणसं बसतात, पाट संपले की पुढच्याला जागा नाही. घरच्या फिल्टरमधली कार्बनची कांडी ठरावीक काळाने का बदलायची, याचं उत्तर हेच. ती फुटलेली नसते, मळलेलीही दिसत नाही, पण पंगत भरलेली असते.

अरुंद छिद्रात रेणू जास्त घट्ट बसतो, कारण त्याला दोन्ही बाजूंच्या भिंती ओढतात. म्हणून नुसती जागा मोजून भागत नाही, मापही बघावं लागतं. दोन नॅनोमीटरपेक्षा लहान ती सूक्ष्म छिद्रं, दोन ते पन्नासपर्यंतची मध्यम आणि त्यावरची मोठी. माणसाच्या केसाची जाडी साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर, म्हणजे दोन नॅनोमीटरची चाळीस हजार छिद्रं केसाच्या आडव्या रुंदीत ओळीने मावतील. आयोडीनचा रेणू लहान, तो सूक्ष्म छिद्रात शिरतो. उसाच्या रसातला तपकिरी रंग मोठ्या रेणूंचा, त्याला मध्यम छिद्रं लागतात. साखरेचा रंग काढायचा कोळसा आणि विषारी वायूच्या मुखवट्यातला कोळसा यांत फरक असतो तो इथे. मोठी छिद्रं म्हणजे शिवाराचे रस्ते. तिथे कुणी राहत नाही, पण रस्ता नसेल तर आतल्या घरापर्यंत जाता येत नाही.

कोळशाने पाण्यातला रंग उतरतो हे टोबियास लोविट्झने १७८५ साली रशियात दाखवलं होतं. पण कोळसा मुद्दाम घडवून घेण्याची खरी निकड भासली ती पहिल्या महायुद्धात. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मन फौजेने क्लोरीन सोडला आणि त्याच वर्षी रशियात निकोलाय झेलिन्स्कीने सक्रिय कोळशाचा मुखवटा तयार केला. १९१८ मध्ये अमेरिकेत लोकांना पीचच्या कोया फेकू नका, गोळा करून द्या, असं आवाहन करावं लागलं होतं. त्या टणक कोयांचा कोळसा मुखवट्यांत जात होता.

आता मुख्य प्रश्न. दोन नॅनोमीटरचं छिद्र पाडायचं कसं? एवढी बारीक सुई नाही की गिरमिट नाही. या क्षेत्रातली सगळी करामत एकाच गोष्टीत आहे: छिद्र पाडायचं नाही, आधी तिथे काहीतरी असू द्यायचं आणि मग त्याला निघून जाऊ द्यायचं. जाणारा गेला तरी भिंत उभी राहिली पाहिजे, एवढीच अट. पण सगळे कष्ट त्या अटीतच आहेत.

पराटीपासून सुरू करू. वाळलेलं लाकूड हवा बंद करून चारशे ते सहाशे अंशांपर्यंत तापवलं की आधी पाणी जातं, मग वायू आणि चिकट डांबर बाहेर पडतं. मागे राहतो तो साधा कोळसा. शंभर किलो वाळल्या पराटीचा पंचवीस-तीस किलो. जे गेलं त्याच्या जागा आत उरतात, पण त्यातल्या बऱ्याच अर्धवट बंद असतात, कारण जाता जाता डांबर तिथेच गोठलेलं असतं. भरताच्या जाळातले माझे कोळसे या पायरीवरचे होते.

दुसरी पायरी सक्रिय करण्याची. कोळसा आठशे ते हजार अंशांवर नेऊन त्यावरून पाण्याची वाफ सोडतात. त्या तापमानाला वाफ कोळशाशी रासायनिक क्रिया करते आणि कार्बनचा एकेक अणू कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो. आधी जातात ते कच्चे, विस्कळीत जागेवरचे अणू आणि अडकलेलं डांबर. बुजलेली तोंडं उघडतात, बारीक वाटा रुंद होतात. पण ही क्रिया आपण होऊन थांबत नाही. फार वेळ ठेवलं तर दोन छिद्रांमधली भिंतच खाल्ली जाते, दोनाचं एक मोठं छिद्र होतं आणि दहा गुंठ्यांचे पाच उरतात. वजनही घटतं. चांगली छिद्रं हवी असतील तर निम्मा कोळसा गमावण्याची तयारी ठेवावी लागते. शंभर किलो पराटीतून हाती बारा ते पंधरा किलो सक्रिय कोळसा येईल, हा हिशोब आधीच मांडलेला बरा.

हवा किती घातक ठरते, हे मी एकदाच पाहिलं आणि कायमचं शिकलो. प्रकल्पाच्या वेळी नळीच्या भट्टीत चिनी मातीच्या छोट्या बोटीत कोळसा ठेवून रात्रभर नायट्रोजन चालू ठेवला होता. मध्यरात्रीनंतर कधीतरी सिलिंडर संपलं आणि नळीत हवा शिरली. सकाळी बोट बाहेर ओढली तर काळ्याचा मागमूस नव्हता. तळाशी नखाएवढी पांढरी राख होती, फुंकर मारली तर उडेल अशी. तीन आठवड्यांची तयारी गेली. त्या राखेला मात्र लाकडाच्या रेषांचा आकार तसाच होता, तो अजून डोळ्यांसमोर आहे.

वाफेऐवजी रसायनाची वाट आहे. लाकडाचा भुसा फॉस्फोरिक आम्लात भिजवून मग तापवला तर चारशे-पाचशे अंशांतच काम होतं. पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरलं तर सातशे-आठशे अंशांवर फार बारीक छिद्रांचं रान उठतं आणि क्षेत्रफळ ग्रॅमला तीन हजार चौरस मीटरपर्यंत, म्हणजे तीस गुंठ्यांच्या घरात जातं. इथे आपल्या केळीचा संबंध येतो. केळीच्या खोडात आणि सालीत पोटॅशियम भरपूर. त्यामुळे ती जाळताना बाहेरून काही न घालताही थोडीफार छिद्रं आपोआप पडतात. (हे प्रयोग घरी करू नयेत. कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, आणि तापलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड कातडी आणि डोळे जाळतं.)

पॉलिमरकडे, म्हणजे लहान रेणू जोडून झालेल्या लांब साखळ्यांच्या पदार्थांकडे, वळलं की "निघून जाऊ देणं" अजून स्वच्छ दिसतं. राळेचे सच्छिद्र मणी कसे करतात बघा. स्टायरीन हे तेलासारखं द्रव, त्यात डायव्हिनाइलबेन्झीन घालतात. ते साखळ्यांना साखळ्या आडव्या बांधतं, खाटेच्या विणीसारखं. त्यातच टोल्यूईन मिसळतात. हे सगळं पाण्यात घुसळलं की ताकात लोण्याचे कण यावेत तसे थेंब होतात. तापवल्यावर थेंबातलं स्टायरीन घट्ट होतं, टोल्यूईन मात्र द्रवच राहतं आणि घट्ट होणाऱ्या जाळ्याच्या बेचक्यांत अडकतं. मग ते धुऊन काढायचं. खसखशीएवढा मणी उरतो आणि आत टोल्यूईनने धरून ठेवलेल्या जागा मोकळ्या. आडवे बांध कमी पडले तर टोल्यूईन गेल्यावर जाळं खाली बसतं, जशी टेकू काढल्यावर कच्ची भिंत बसते. किती जाऊ द्यायचं आणि किती बांधायचं, याच दोन हातांवर सगळा तोल आहे.

पातळ पडद्याची रीत वेगळी आणि बघायला फार सुंदर. पॉलिसल्फोन नावाचं प्लास्टिक द्रावकात विरघळवतात, काकवीसारखा घट्ट पाक होतो. काचेवर तो पातळ पसरायचा आणि काच पाण्यात बुडवायची. पारदर्शक थर बघता बघता दुधासारखा पांढरा होतो. द्रावक पाण्यात पळालेलं असतं, पाणी आत शिरलेलं असतं आणि प्लास्टिक जागच्या जागी थिजलेलं असतं. वरच्या अंगाला दाट, जवळजवळ बंद साय आणि खाली मोठमोठ्या पोकळ्या. सॅम्युअल लोएब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा असा पडदा केला, आणि १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोआलिंगा गावात त्यावर खारं पाणी गोड करण्याचा प्रकल्प उभा राहिला. गावोगावच्या आरओ प्लांटमध्ये आज गुंडाळलेले पडदे असतात ते याच वंशातले: खाली न विणलेलं पॉलिएस्टरचं कापड, त्यावर सच्छिद्र पॉलिसल्फोन आणि सर्वांत वर पॉलिअमाइडची साय, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागापेक्षाही पातळ. क्षार अडतात ते त्या सायीपाशी. खालचे थर तिला फक्त पेलतात.

त्या सायीचा शत्रू आहे क्लोरीन. नळाच्या पाण्यात जंतू मारायला घातलेला क्लोरीन पॉलिअमाइडला कुरतडतो. म्हणून आरओच्या आधी कार्बनची कांडी ठेवतात. कार्बनवर येताच क्लोरीनचं साध्या क्लोराइडमध्ये रूपांतर होतं, मग पाणी पडद्याकडे जातं. एक काळं सच्छिद्र, एक पांढरं सच्छिद्र, आणि दोघांची कामं वेगळी. कार्बन वास आणि क्लोरीन काढतो, पाण्यातला खारटपणा नाही. नायट्रेट किंवा फ्लोराइडची तक्रार असेल तर नुसत्या कार्बनच्या फिल्टरवर विसंबू नये. दुकानात "कार्बन आहे ना, सगळं निघतं" असं सांगितलं जातं, ते खरं नाही, आणि पिण्याच्या पाण्यात असं अर्धवट सांगणं मला खपत नाही.

प्लास्टिकपासूनच सच्छिद्र कार्बन होईल का, असं विद्यार्थी विचारतात. काहींचा होतो. कुकरचं हँडल आठवा. ते फेनॉलच्या राळेचं, म्हणजे बेकलाइटच्या जातीचं. जाळ लागला तर काळं पडतं, तडकतं, पण वितळून ओघळत नाही. साखळ्या आडव्या घट्ट बांधलेल्या असल्यामुळे तापवल्यावर निम्म्याच्या आसपास कार्बन मागे राहतो, तोही राखेशिवाय, अतिशय स्वच्छ. ठिबकच्या नळीचं पॉलिथीन मात्र तुपासारखं. आधी पातळ होतं, मग वायू होऊन उडतं, मागे जवळजवळ काही राहत नाही. जुन्या नळ्यांचे ढीग जाळून कार्बन मिळेल, ही आशा म्हणून फोल आहे. त्या वितळवून पुन्हा दाणे करणं हेच त्यांच्यासाठी योग्य.

आपल्या भागात केळीच्या घडावर चढवतात त्या स्कर्टिंग बॅगसुद्धा सच्छिद्र पॉलिमरच. पॉलिप्रोपिलीनचे तंतू न विणता एकमेकांवर दाबून बसवलेले असतात. किडा अडतो, वारा खेळतो, घड आत घामेजत नाही. छिद्रं नॅनोमीटरची नाहीत, पण विचार तोच: काय आत येऊ द्यायचं आणि काय अडवायचं. केळीचं दुसरं दुखणं इथिलीन, म्हणजे पिकणाऱ्या फळातून निघणारा वायू. गाडीत एक घड पिकायला लागला की त्याच्या इथिलीनने शेजारचे पिकू लागतात. इथिलीनचा रेणू एवढा हलका की साधा कोळसा त्याला नेहमीच्या तापमानाला घट्ट धरू शकत नाही. म्हणून सच्छिद्र खड्यांत पोटॅशियम परमँगनेट मुरवतात. ते इथिलीनला जाळून संपवतं आणि जांभळा खडा हळूहळू तपकिरी होतो. खड्याकडे बघून कळतं, पुडी बदलायची वेळ आली की नाही. बॅटऱ्या आणि विजेच्या साठवणीतही सच्छिद्र कार्बन जातो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

राहिला काकांचा प्रश्न. आपली पराटी आणि केळीची खोडं यांचा पैसा होईल का?

केळीच्या खोडाबद्दल मी स्पष्ट नाही म्हणतो. प्रयोगशाळेत त्याचा कार्बन सुरेख होतो, पण खोडात शंभरातले नव्वदहून अधिक भाग पाणी. शंभर किलो खोड वाहून नेऊन वाळवलं तर हाती दहा किलोही सुकं यायचं नाही, त्याचा कोळसा दोन-तीन किलो, त्यातही राख जास्त. वाहतुकीतच घाटा. ते खोड वावरातच कुजवून पोटॅशियम मातीला परत द्यावं, नाहीतर धागा काढावा.

पराटीचं वेगळं. ती वाळलेली मिळते, आणि गुलाबी बोंडअळीमुळे ती बांधावर रचून ठेवणं परवडतही नाही. पण तिचा कोळसा ठिसूळ. नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा बाजारात मान मिळवतो, कारण करवंटी घट्ट. तिचे दाणे टणक होतात आणि टाकीत वर्षभर पाणी वाहिलं तरी झिजत नाहीत. पराटीचे दाणे भुगा होतील. मग ज्या कामाला भुकटीच लागते, म्हणजे सांडपाण्यात मिसळून रंग काढायचा आणि गाळून घ्यायचा, तिथे ती चालू शकते. तिथेही एकट्या शेतकऱ्याचं काम नाही. वाफेची भट्टी, वायू हाताळण्याची सोय आणि प्रत्येक वेळी निघालेल्या मालाची तपासणी लागेल. गटाने एकत्र येऊन आधी नुसता साधा कोळसा करून बघणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. तो जमिनीत घालायचा विचार असेल तर थोडं थांबून सामू (पीएच) तपासून घ्या. आपली काळी जमीन बहुतेक ठिकाणी आधीच अल्कधर्मी आहे आणि कोळसाही अल्कधर्मीच असतो.

त्या रात्री डब्यात भरून आणलेल्या कोळशाचं मी काय केलं तेही सांगतो. खलबत्त्यात कुटून चाळला, धुतला, वाळवला. दोन काचेच्या ग्लासांत निळ्या शाईचं पाणी सारखं घेतलं. एकात भरताचा कोळसा एक चमचा, दुसऱ्यात मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेला सक्रिय कोळसा तसाच कुटून एक चमचा. दिवसभर अधूनमधून ढवळलं, सकाळी दोन्ही गाळणकागदातून गाळले. पहिल्यातलं पाणी फिकट निळं उतरलं. दुसऱ्यातलं स्वच्छ, ग्लासामागची कॅलेंडरवरची तारीख वाचता येत होती. काका चहाला आले तेव्हा दोन्ही ग्लास खिडकीत तसेच होते. त्यांनी पहिला उचलून उजेडात धरला, मग दुसरा. "म्हणजे आपल्यातही थोडी छिद्रं आहेतच," ते म्हणाले, आणि पराटीची एक मोळी बाजूला ठेवतो म्हणून सांगून गेले. या हिवाळ्यात दोनशे लिटरच्या पिंपात झाकण नीट बसवून तिचा कोळसा करायचा आहे. आधी मोळीचं वजन, मग कोळशाचं, मग त्याचा आयोडीन अंक, म्हणजे एक ग्रॅम कोळसा किती मिलिग्रॅम आयोडीन धरतो ते.